बोर्ड बदलला, लायसन्सचं काय?

लॅपटॉपचा मदरबोर्ड जातो, कारागीर नवा बसवतो आणि मशीन सुरू होतं. हार्ड डिस्क तीच, फायली जागच्या जागी, वॉलपेपरसुद्धा जुनाच. पण थोड्या वेळाने पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात विंडोज सक्रिय करण्याची सूचना फिकट अक्षरांत उमटते. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली उघडावं तर ते एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं आणि ठरावीक तारखांच्याच नोंदी घेतं. सॉफ्टवेअर रीतसर पैसे मोजून घेतलेलं असतं, बिल कपाटात असतं. तरीही सॉफ्टवेअरच्या लेखी हा संगणक आता दुसराच कुणीतरी असतो.

संगणकाची अशी ओळख पटवण्याची पद्धत घराघरांत पोचली ती 2001 मध्ये, विंडोज एक्सपीबरोबर. त्याआधी पंचवीस अक्षरांची की टाकली की काम भागायचं आणि एकच सीडी दहा मशीनवर चालायची. एक्सपी मात्र की घेऊन थांबत नसे. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, नेटवर्क कार्ड, हार्ड डिस्क, डिस्क जोडणारे कंट्रोलर, सीडी ड्राइव्ह अशा दहा बाबींची नोंद घेऊन त्यातून संगणकाचा एक ठसा तयार केला जाई. त्याच वर्षी फुली लायसन्स्ड या जर्मन कंपनीने या यंत्रणेची उकल करून ती जाहीर केली, त्यामुळे तिचे तपशील आज माहीत आहेत.

त्यातला एक तपशील फार सुंदर आहे. नेटवर्क कार्डाचा पत्ता 48 बिटांचा असतो आणि तो जगात एकमेव असावा असा संकेत आहे. एक्सपी तो पत्ता जसाच्या तसा नोंदवत नव्हती. त्यावर गणिती प्रक्रिया करून अवघ्या 10 बिटांचा आकडा ठेवला जाई. 10 बिटांत जास्तीत जास्त 1,024 वेगवेगळ्या किमती मावतात, म्हणजे जगातल्या असंख्य कार्डांचा आकडा एकसारखाच येणार. त्या आकड्यावरून मूळ पत्ता शोधून काढणं अशक्य, पण कार्ड बदललं की आकडा बहुधा बदलणारच. ओळख पटवायची, पण ओळख उघड करायची नाही, असा हा मार्ग होता. त्याला पार्श्वभूमीही होती. दोनच वर्षांपूर्वी, 1999 मध्ये, इंटेलने पेंटियम थ्रीमध्ये प्रत्येक प्रोसेसरला वाचता येईल असा अनुक्रमांक दिला, तेव्हा खासगीपणाच्या मुद्द्यावर मोठा गदारोळ झाला आणि पुढच्या पिढ्यांत कंपनीला तो काढून टाकावा लागला होता.

आता मदरबोर्डवर येऊ. एक्सपीच्या हिशेबात नेटवर्क कार्ड कायम असेल तर सहा बाबी बदलेपर्यंत तक्रार नसे. कार्डच बदललं तर मात्र चार बदल पुरेसे होत. रॅम वाढवली, डिस्क बदलली, तरी निभावून जाई. बोर्डाचं तसं नाही. नेटवर्क, डिस्क कंट्रोलर आणि बरेचदा ग्राफिक्सही त्याच्यावरच असतं. बोर्डाबरोबर प्रोसेसर आणि रॅम बदलले तर एका फटक्यात मर्यादा ओलांडली जाई. आजच्या विंडोजचं गणित वेगळं आहे आणि ते पूर्णपणे जाहीर नाही, पण बोर्डाचं वजन उलट वाढलंच आहे. 2012 च्या विंडोज 8 पासून मोठ्या कंपन्यांच्या संगणकांत लायसन्सची की बोर्डावरच्या फर्मवेअरमध्येच लिहिलेली असते. पूर्वी लॅपटॉपच्या पाठीवर असणारं कीचं स्टिकर त्यामुळेच गायब झालं.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो लायसन्सच्या प्रकाराचा. स्वतंत्रपणे विकत घेतलेलं रिटेल लायसन्स एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं. संगणकाबरोबर आलेलं ओईएम लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या नियमानुसार मूळ बोर्डाशी बांधलेलं असतं. बिघडलेला बोर्ड उत्पादकाने वॉरंटीत बदलून दिला तर नवं लायसन्स घ्यावं लागत नाही. हौसेने वेगवान बोर्ड टाकला तर ती सवलत नाही. आपलं लायसन्स कोणतं, हे पाहायला एक मिनिट लागतं. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबायची, येणाऱ्या चौकटीत एस, एल, एम, जी, आर ही अक्षरं सलग, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि डी, एल, आय असं लिहून एंटर मारायचं. समोर येणाऱ्या माहितीत रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम (संस्थांना घाऊक दिलेलं) यांपैकी एक शब्द सापडतो.

2016 च्या ऑगस्टपासून विंडोज 10 चं डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडता येऊ लागलं. ही जोडणी आधी केलेली असेल, तर बोर्ड बदलल्यावर सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूटर चालवून, हार्डवेअर नुकतंच बदलल्याचं सांगून, खात्याच्या यादीतून आपलं मशीन निवडता येतं. अडचण एवढीच, की जोडणी जुना बोर्ड चालू असतानाच करावी लागते.

टॅलीत लायसन्स सरेंडर करण्याची सोय आहे. जुन्या मशीनवर सरेंडर, नव्यावर ॲक्टिव्हेट, असा क्रम. बोर्ड अचानक गेला तर सरेंडर करायला मशीनच उरत नाही आणि मग टॅलीच्या खात्यातून किंवा विक्रेत्यामार्फत लायसन्स रिसेट करून घ्यावं लागतं. अशा वेळी नोंदवलेला ईमेल पत्ता कोणाचा, हा प्रश्न कळीचा ठरतो. कित्येक छोट्या दुकानांत तो केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनिसाचा असतो. तो आजच बदलून घ्यावा.

लायसन्सपेक्षा मोठा धोका मात्र वेगळाच आहे. विंडोज 11 ला टीपीएम ही सुरक्षा यंत्रणा लागते, आणि ती बोर्डावर किंवा प्रोसेसरमध्ये असते. डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असेल तर तिची किल्ली याच यंत्रणेच्या ताब्यात असते. बोर्ड बदलला की निळा पडदा येतो आणि 48 अंकी रिकव्हरी की मागतो. लायसन्स पुन्हा विकत घेता येतं. ही की कुठेच नसेल तर डिस्कवरचे फोटो आणि हिशेब कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाहीत. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेलं असतं.

बोर्ड बदलण्याआधी चिप लेव्हल दुरुस्तीचा पर्याय जरूर विचारावा. मूळ बोर्डावरची जळालेली आयसी बदलून काम झालं, तर ठसा तोच राहतो. बायोसची, म्हणजे फर्मवेअरची, चिप नव्याने लिहावी लागली, तर जाणकार कारागीर आधी जुन्या चिपमधला मजकूर वाचून ठेवतो, कारण विंडोजची की त्यातच असते. तयार फाइल टाकून मोकळं होणाऱ्याच्या हातून ती पुसली जाते.

उत्पादकाच्या वॉरंटीतला बोर्ड म्हणजे दुरुस्ती आणि ग्राहकाने स्वतःच्या पैशाने बसवलेला मात्र नवा संगणक, हा भेद अन्यायाचा आहे. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा प्रश्नही या हक्काच्या चर्चेत यायला हवा. तोवर वाचकांनी आज एवढं करावं: लायसन्सचा प्रकार पाहावा, ते खात्याशी जोडावं आणि बिटलॉकरची की कागदावर उतरवून संगणकापासून दूर ठेवावी.