टाचेवरचे यंत्र

गेल्या हिवाळ्यात आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक कागद चिकटवलेला होता. ‘हाडांची मोफत तपासणी. फक्त महिलांसाठी. तपासणारी महिलाच असेल.’ शेवटच्या ओळीने काम केले. कोणीतरी आमच्या पडद्याचाही विचार केला म्हणून त्या दिवशी बरे वाटले होते. आता वाटते, लिहिणाऱ्याला नया नगरच्या बायकांची नस बरोबर सापडली होती.

रविवारी जोहरच्या नमाजनंतर आम्ही चौघी सोसायटीच्या हॉलमध्ये उतरलो. अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, भाईंदरहून मुद्दाम आलेल्या मोठ्या नणंद (त्यांना घरात सगळे बाजी म्हणतात), छत्तीस वर्षांची धाकटी जाऊ आणि हे लिहिणाऱ्या आम्ही. टाचेला थंडगार जेल लावून पाय एका डब्यासारख्या यंत्रात ठेवायचा. दोन मिनिटांत चिठ्ठी बाहेर. चिठ्ठीवर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे आणि त्यात आपला ठिपका. सासूबाई लालमध्ये, बाकी आम्ही तिघी पिवळ्यात. हॉलमध्ये तीसेक बायका असतील, हिरव्यात कोणी आल्याचे आम्हाला तरी दिसले नाही. पिवळ्या पट्ट्याला नाव होते ऑस्टिओपेनिया. त्याआधी हा शब्द आमच्यापैकी कोणी ऐकलेलाही नव्हता, आणि घरी परत जाईपर्यंत तो आजार आम्हा तिघींना झालेला होता.

पुढच्या टेबलावर कॅल्शियमच्या गोळ्यांची दोन नमुन्यांची पाकिटे, ड जीवनसत्त्वाच्या रक्ततपासणीवर सवलतीचे कूपन आणि ‘लवकर दाखवून घ्या’ असा सल्ला. आम्ही दाखवून घेतले. चौघींच्या तपासण्या, गोळ्या आणि पाकिटे यांचा पहिल्या महिन्याचा खर्च त्या महिन्याच्या किराण्याइतका झाला. त्याबद्दल तेव्हा कोणी कुरकुर केली नाही. हाडे मोडण्यापेक्षा पैसे मोडलेले परवडले, असे सासूबाईच म्हणाल्या.

आता त्या पट्ट्याविषयी. डब्यातून निघणाऱ्या आकड्याला टी-स्कोअर म्हणतात. तुमच्या हाडाची तुलना तुमच्या वयाच्या बाईशी होत नाही, ती होते तरुण, निरोगी बाईच्या सरासरीशी. म्हणजे सासूबाईंची परीक्षा तिशीतल्या मुलीच्या पेपरावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासगटाने १९९४ साली रेषा आखल्या: उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, उणे १ आणि उणे २.५ यांच्या मधला तो ऑस्टिओपेनिया. मधला पट्टा मुख्यतः लोकसंख्येची मोजदाद करण्यासाठी होता, कोणा एकीच्या हातात गोळी देण्यासाठी नव्हे. आणि हिशेब असा आहे की ठणठणीत तरुण मुलींतल्याही जवळजवळ १६ टक्के उणे १ च्या खालीच पडणार. सरासरीचा नियमच तसा आहे, यात त्यांच्या हाडांचा काही दोष नाही.

शिवाय या रेषा कमरेच्या आणि खुब्याच्या हाडांच्या डेक्सा नावाच्या एक्स-रे तपासणीसाठी आहेत. टाचेवरचे ध्वनिलहरींचे यंत्र वेगळे, त्याच्या आकड्याला त्याच रेषा लावता येत नाहीत. पाळी चालू असलेल्या बाईला तर टी-स्कोअर लावूच नये, तिच्या वयाच्या बायकांशी तुलना करावी, असा तज्ज्ञांचा संकेत आहे. आमची जाऊ छत्तीस वर्षांची. तिला तो ठिपका दाखवायलाच नको होता.

मग हा पट्टा दवाखान्यात आला कसा? अमेरिकेतल्या मर्क कंपनीचे अलेन्ड्रोनेट हे हाडांचे औषध १९९५ मध्ये तिथे मंजूर झाले. औषध खरोखर चांगले होते. अडचण अशी की हाडे मोजलीच नाहीत तर गिऱ्हाईक कुठून येणार? मोजायची यंत्रे मोठी, महाग आणि थोडी. त्याच वर्षी कंपनीच्या पाठबळाने हाडांच्या मोजमापाला वाहिलेली एक संस्था उभी राहिली आणि मनगट, टाच मोजणारी छोटी, स्वस्त यंत्रे डॉक्टरांच्या दवाखान्यांत पोचावीत म्हणून तिने खटपट केली. यंत्रे पोचली, ठिपके पडले, चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. औषधाचा उपयोग कोणाला, याचे उत्तरही लवकरच आले. १९९८ साली ४४३२ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा स्कोअर उणे २.५ च्या खाली होता त्यांचे हाड मोडण्याचे प्रमाण या औषधाने स्पष्ट कमी झाले, आणि त्याच्या वर असलेल्यांत तसा फायदा दिसला नाही. पिवळा पट्टा म्हणजे निव्वळ थोतांड, असेही म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी पासष्टीच्या पुढच्या अशा २००० बायकांना दुसऱ्या एका औषधाची सलाइन दिली, तेव्हा हाडे मोडणे कमी झाले. पण पासष्टीची बाई वेगळी आणि दुसऱ्या बाळाचा विचार करणारी छत्तिशीतली सून वेगळी. ही औषधे हाडांत वर्षानुवर्षे राहतात. हे जावेला कोणी सांगितले नव्हते, आणि आठवड्याच्या गोळीची चिठ्ठी मात्र तिच्या हातात होती.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट याहून जवळची, कारण ती आमच्या बुरख्यापर्यंत येते. ‘तुम्ही बुरखा घालता ना, मग कमीच असणार’ हे वाक्य आम्ही दवाखान्यात, प्रयोगशाळेत आणि मेडिकलच्या काउंटरवरही ऐकले आहे. ते खोटे नाही. अंग झाकणाऱ्या बायकांमध्ये हे प्रमाण कमी आढळते, अनेक देशांत मोजून पाहिलेले आहे. फार कमी झाले तर हाडे मऊ होतात, मांड्यांतली ताकद जाते, जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात. हा खरा आजार आहे, त्यावर औषध घ्यायलाच हवे. आणि आम्ही राहतो कुठे? जिथे एकेकाळी मिठागरे होती, उन्हाने खाडीचे पाणी आटवून मीठ पिकत होते, त्याच जमिनीवर इतक्या दाटीने इमारती उभ्या आहेत की आमच्या स्वयंपाकघरात दुपारी बारालाही दिवा लागतो.

पण ‘कमी’ म्हणजे किती कमी? अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० च्या अखेरीस सांगितले, रक्तात २० नॅनोग्रॅम असले की जवळजवळ सगळ्यांना पुरते. काही महिन्यांतच, २०११ मध्ये, तिथल्याच एंडोक्राइन सोसायटीने ३० ची रेषा आखली. फरक दहाचा, पण तेवढ्याने कोट्यवधी धडधाकट माणसे एका रात्रीत कमतरतेची रोगी झाली. त्या समितीचे प्रमुख डॉ. मायकल होलिक यांना औषध कंपन्यांकडून आणि तपासण्या करणाऱ्या एका मोठ्या कंपनीकडून पैसे मिळत असल्याचे २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापले. पुढे सुमारे २६ हजार लोकांना रोज २००० युनिट किंवा नुसती साखरेसारखी गोळी देऊन पाहण्यात आले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये निष्कर्ष आला: कर्करोग कमी झाला नाही, हृदयविकार नाही. २०२२ मध्ये कळले, हाडे मोडणेही कमी झाले नाही. शेवटी २०२४ च्या जूनमध्ये त्याच एंडोक्राइन सोसायटीने ३० ची रेषा सोडून दिली आणि निरोगी माणसांची ही तपासणी सरसकट करू नये, असा सल्ला दिला. लहान मुले, गरोदर बायका, पंचाहत्तरीच्या पुढचे लोक आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक यांनी तपासणी न करताही ते घ्यावे, असे त्यांचे म्हणणे. आमच्या भागातल्या प्रयोगशाळांच्या छापील कागदावर मात्र अजून ‘३० पेक्षा कमी: अपुरे’ असेच येते. आमच्या चौघींपैकी तिघी वीस ते तीसच्या मध्ये होत्या.

(मेडिकलमध्ये आमचा पहिला प्रश्न ‘हे हलाल आहे का’ हाच असतो. ड-३ बहुतेक ठिकाणी मेंढीच्या लोकरीच्या तेलापासून बनते. शंका असते ती कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल, म्हणून आपल्याकडे पुडीचे पाकीट जास्त खपते. हा प्रश्न आम्ही नेमाने विचारतो. ‘हे मला लागते का’ हा दुसरा प्रश्न मात्र आमच्यापैकी एकीलाही सुचला नाही.)

बाजींना एकवीस निघाले होते. साठ हजार युनिटचे पाकीट, आठवड्यातून एक, आठ आठवडे, असे चिठ्ठीवर लिहिलेले होते. अक्षर लागेना. घरात मुलगा नव्हता, बाजींनी ते रोज एक असे धरले. पुडी गोडसर, दुधात घातली की झाले. मेडिकलवाल्याने दर पंधरा दिवसांनी काही न विचारता पुडक्याची पुडकी दिली. मध्येच गुडघे दुखतात म्हणून त्या दुसऱ्या एका डॉक्टरकडे गेल्या, तिथे त्याच जीवनसत्त्वाची सहा लाख युनिटची दोन इंजेक्शने झाली. पहिल्या पाकिटांबद्दल ना त्यांनी विचारले, ना बाजींनी सांगितले. जीवनसत्त्व ते, त्याने कधी कोणाचे वाईट होते का?

दीड महिन्याने बाजींना सारखी तहान लागू लागली, मग उलट्या, बद्धकोष्ठ. एके दिवशी मगरिबच्या नमाजमध्ये किती रकात झाल्या ते त्यांना आठवेना, तीनदा सुरुवातीपासून पढल्या. आम्ही ते थकव्यावर ढकलले. त्यानंतर दोन दिवसांनी त्या स्वतःच्याच मुलाला ‘तू कोण’ म्हणाल्या, तेव्हा रात्री रिक्षात घालून इस्पितळात नेले. रक्तातले कॅल्शियम वाढलेले, मूत्रपिंडांवर ताण आलेला. तिथल्या तरुण डॉक्टरणीने सगळी औषधे पिशवीसकट मागवली, पाकिटे मोजली आणि कपाळाला हात लावला. आठ दिवस सलाइन. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे निघून जात नाही, त्यामुळे कॅल्शियम ताळ्यावर यायला अडीच महिने गेले. अल्लाहने शिफा दिली. पण त्या अडीच महिन्यांत बाजींचे दूध-दही बंद होते, उन्हात बसणेही बंद.

चूक कोणाची? वाचण्याची चूक बाजींची, हे त्या स्वतः सांगतात. पण एकवीस नॅनोग्रॅमवाल्या बाईला ती चूक करायची संधी कुठून आली, हा प्रश्न आम्हाला सोडत नाही.

आमच्या ओळखीचा एक मुलगा काही वर्षे एमआर होता. तो सांगतो, असे यंत्र कंपनीचे असते, ते चालवणारी मुलगीही कंपनीच्या पगारावर असते, शिबिराला लागतात फक्त हॉल आणि एका डॉक्टरचे नाव. चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाची जाहिरात अमेरिकेत टीव्हीवर चालते, आपल्याकडे तशी करता येत नाही. म्हणून जाहिरात आजाराची करायची. औषध त्याच्या मागोमाग आपल्या पायांनी येते. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या, त्यांत डॉक्टरांनी स्वतःच्याच व्यवसायातले हे व्यवहार उघड बोलून दाखवले. म्हणजे सगळेच डॉक्टर त्यात सामील नाहीत, हेही त्यावरून कळते.

२२ फेब्रुवारी २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल जरूर माहीत असावा. एपेक्स लॅबोरेटरीज या कंपनीने ‘झिंकोविट’ या जीवनसत्त्वाच्या गोळीसाठी डॉक्टरांना भेटवस्तू दिल्या आणि तो सुमारे ४ कोटी ७२ लाखांचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून आयकरातून वजा मागितला. न्यायालयाने नकार दिला. या भेटी फुकट नसतात, त्यांची किंमत औषधाच्या दरात मिसळून रोग्याकडूनच वसूल होते, असे न्यायमूर्तींनी बजावले.

आणि हे केवळ ॲलोपॅथीचेच आहे असे समजू नये. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘कमजोरी’च्या जाहिराती आपण रोज पाहतो. अशा जाहिरातींवर १९५४ सालापासून कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याला आव्हान देणाऱ्यांत ज्यांचे रूह अफ्जा आपल्या इफ्तारच्या दस्तरखानावर असते तो हमदर्द दवाखाना होता. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही कलमे रद्द केली, बंदी मुळात कायम ठेवली. दवाखाना नावाजलेला आहे, त्याचे सरबत आम्हीही पितो. तरी जाहिरात ती जाहिरातच, मग ती हकीमसाहेबांची असो वा एमडीची.

बाजी घरी आल्यावर आम्ही सगळ्या चिठ्ठ्या आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांपुढे ठेवल्या. त्यांनी जावेची आठवड्याची गोळी बंद केली. आमची कॅल्शियमची बाटलीही बाजूला ठेवून दूध, नाचणी आणि सुका जवळा खा म्हणाले. कोकणातल्या माणसाला जवळा खायला सांगावा लागतो म्हणून हसलेसुद्धा. सासूबाईंना मात्र त्यांनी जवळ बसवून विचारले, उंची कमी झाल्यासारखी वाटते का, पाठ कधीपासून दुखते. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडल्यापासून, त्या म्हणाल्या. एक्स-रेत पाठीचा एक मणका दबलेला निघाला. कमरेची नीट डेक्सा तपासणी झाली आणि त्यांना औषध सुरू झाले. ज्या एकीला ते खरोखर हवे होते, ती दोन वर्षे बामावर दिवस काढत होती. आम्ही तिघी मात्र ठिपक्यापायी घाबरून खर्च करत बसलो होतो.

त्यांच्या गोळीला उपाशीपोटी साधे पाणी आणि नंतर अर्धा तास ताठ बसणे लागते. रमजानमध्ये सहेरीच्या अर्धा तास आधी, असे डॉक्टरांनीच सुचवले.

ऊन कसे घ्यायचे, हेही त्यांनी सांगितले. काचेतून आलेले चालत नाही, सकाळचे कोवळेही फारसे उपयोगाचे नाही. दहा-अकराच्या पुढचे हवे, हाता-पायांवर, थोडाच वेळ, आठवड्यातून दोन-तीनदा. आम्ही सेक्रेटरींकडे अर्ज दिला. महिनाभर बैठका झाल्या. आता अकरा ते बारा गच्ची फक्त बायकांसाठी असते, दाराला आतून कडी. सासूबाई बाह्या वर करून तांदूळ निवडतात, जाऊ मुलाचा अभ्यास घेते, तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती भाभीही पापड घेऊन येतात. मीरा रोड स्टेशनवरून लोकलचा आवाज तिथपर्यंत येतो. गच्चीची किल्ली सध्या आमच्याकडे असते. मंगळवारी टाक्या धुतात, तेवढा दिवस सोडून.