नेट लावा, नेट मिळवा!

माहीत आहे का, लॅन केबलने पहिले धडे हवेकडून गिरवले? 1971 साली हवाई बेटांवर अलोहानेट हे रेडिओ नेटवर्क सुरू झालं. त्याचा अभ्यास करून बॉब मेटकाफ यांनी 1973 मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत इथरनेटची कल्पना मांडली. म्हणजे वायरवालं इथरनेट हे बिनवायरीच्या अलोहानेटचं धाकटं भावंड!

भावंडांवरून आठवलं, घोटीत चला. समजा, पुढच्या घरात थोरल्याचं फायबर, मागच्या घरात धाकट्याचा म्हातारा डेस्कटॉप. त्याला वायफाय ठाऊकच नाही, पाठीला फक्त लॅनचं भोक. मध्ये अंगण, अंगणात भाताची पोती. केबलसाठी खणणार कोण?

कुणीच नाही! माळ्यावरचा जुना राउटर उतरवा. अनेकांच्या सेटिंगमध्ये 'क्लायंट' किंवा 'ब्रिज' मोड दडलेला असतो. तो निवडा, दादाचा पासवर्ड टाका (विचारून हं!), राउटरच्या लॅन पोर्टातून केबल थेट डेस्कटॉपला. उरलेल्या पोर्टात टीव्ही, प्रिंटर, काय हवं ते. नेट दादाचं, थाट धाकट्याचा!

फक्त एक गंमत. दोन्ही राउटरचा पत्ता 192.168.1.1 निघाला, तर जुन्याचा बदला. ब्रिज करताना त्याचं डीएचसीपीही बंद. पत्ते वाटणारा एकच असला की डाव रंगतो!

'रिपीटर घेतो की सरळ!' घ्या. पण एकाच रेडिओचा स्वस्त रिपीटर त्याच चॅनेलवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून स्पीड साधारण निम्मा. वरच्या जुगाडात पुढचं बोलणं वायरीतून, तिथे ही कटकट नाही. माझं मत कुणाला, सांगायला नको.

आणि घोटीचा पाऊस? माहीत आहे का, अंगणाएवढ्या अंतरात वायफायला तो जवळजवळ जाणवतच नाही! डीटीएचच्या लहरी दहा गिगाहर्ट्झच्या वरच्या आणि येतात थेट उपग्रहाकडून, म्हणून आधी रुसते ती छत्री. वायफायचा खरा वैरी पत्रा. लहरी आपटून माघारी! राउटर खिडकीत ठेवा.

सह्याद्री उतरून पालघरला या. खामलोली परिसरातल्या गावांत आयआयटी मुंबईच्या मंडळींनी टीव्ही चॅनेलांमधल्या रिकाम्या जागेतून इंटरनेट पाठवून दाखवलं. टीव्हीच्या लहरी झाडीला फारशा जुमानत नाहीत. गावात सिग्नल उतरला की पुढे वायफाय. त्यांच्या 'ग्राममार्ग'ने 2017 मध्ये मोझिलाची जागतिक स्पर्धाही मारली!

आता रेकॉर्ड. लॅन केबलचा एक तुकडा 100 मीटरपर्यंतच. कळसूबाई 1,646 मीटर. समुद्रसपाटीपासून शिखरापर्यंत सरळ उभी केबल सोडायची, तर 17 तुकडे आणि मध्ये 16 स्विच!

वायफाय? 2007 मध्ये व्हेनेझुएलात दोन डोंगरांवर अँटेना समोरासमोर रोखून 382 किलोमीटर. एवढ्यात घोटी-मुंबई-घोटी होऊन वर नाशिकची चक्करही बसते!