रिमोट कोणाच्या हातात?

मगरिबची नमाज झाली आहे, जेवणाला अजून वेळ आहे, घरातले सगळे टीव्हीसमोर बसले आहेत. मालिकेच्या मध्येच अशी जाहिरात येते की अब्बा खाकरतात, अम्मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि मुले खाली मान घालतात. त्या वेळी कोणी काही बोलत नाही. नंतर मात्र आपण सगळे म्हणतो, "सरकार झोपले आहे काय?"

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. १९९५ च्या केबल टेलिव्हिजन कायद्याखाली कार्यक्रम संहिता आहे. सभ्यतेला सोडून असलेले कार्यक्रम तिने निषिद्ध ठरवले आहेत. एप्रिल २०१२ मध्ये 'द डर्टी पिक्चर' रविवारी भरदुपारी टीव्हीवर येणार होता. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या सूचनेनंतर तो ऐनवेळी रद्द झाला. २०२१ पासून तक्रारीचा मार्गही आखून दिलेला आहे. आधी वाहिनीकडे तक्रार करायची, तिने १५ दिवसांत निकाली काढायची. समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे आणि शेवटी सरकारकडे जायचे. आपल्यापैकी किती जणांनी अशी एक तरी तक्रार केली आहे?

कायदा हवाच. पण तो वाहिनीला अडवतो, आपल्या हाताला नाही. ओटीटीवर वयोगट लिहिणे आणि पालकांसाठी कुलपाची सोय देणे नियमाने बंधनकारक आहे. पण कित्येक घरांत अब्बांच्या मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकून देतो तो मुलगाच. मग कुलूप लावले तरी किल्ली त्याच्याकडेच!

सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी ईमानधारक पुरुषांना आहे, त्यानंतर स्त्रियांना. आपल्या घरात हा क्रम उलटा झाला आहे. मुलीच्या हातातला मोबाईल आपण तपासतो. स्वतःचा मात्र उशाशी घेऊन झोपतो. मुले झोपली असे समजून आपण जे पाहतो, ते त्यांना कळत नाही असे समजू नये.

म्हणून वाहिनीला पत्र जरूर लिहू या. घाणेरडे दृश्य आले की गुपचूप वाहिनी न बदलता, का बदलली ते मुलांना प्रेमाने सांगू या. आणि आज इशानंतर घरातले सगळे मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवू या, पहिला आपला. अल्लाह आपल्याला याची तौफीक देवो.