चक्कर आली? आधी खाली बसा!

बालमित्रांनो, शाळेची सहल लोणावळ्याला निघाली आहे. खोपोली मागे पडली, बोरघाटाची वळणं सुरू झाली. गाण्याच्या भेंड्या ऐन रंगात आल्या आहेत आणि मागच्या बाकावरचा एक दोस्त अचानक गप्प होतो. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. "याला गाडी लागली!" म्हणून सगळे हसतात. पण हसू नका हं! त्या बिचाऱ्याच्या मेंदूचा गोंधळ उडाला आहे.

आपला तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून बातम्या येतात: डोळ्यांकडून, पाय आणि स्नायूंकडून आणि कानाकडून. होय, कान नुसता ऐकत नाही! आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की हा द्रव मागे रेंगाळतो, तिथले केसांसारखे बारीक तंतू वाकतात आणि मेंदूला वळण कळतं. रॉबर्ट बारानी या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या कानात थंड आणि गरम पाणी सोडून या नळ्यांचं काम तपासलं. त्याबद्दल त्यांना १९१४ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते!

आता फुगडी आठवा. तुम्ही थांबता, पण कानातला द्रव काही क्षण फिरतच राहतो. म्हणून घर गरगरतं. घाटात याहून वेगळं घडतं. डोळे पुस्तकात असले तर ते सांगतात, 'आपण स्थिर आहोत.' कान सांगतो, 'छे, वळतोय!' मेंदू कुणाचं ऐकणार? मग मळमळ सुरू होते. ड्रायव्हरकाकांना सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्यांना आधीच ठाऊक असतं. म्हणून पुढच्या बाजूला बसा, लांबवर पाहा आणि पुस्तक मिटून ठेवा.

चक्करेचा दुसरा प्रकार भेटतो लोहगडावर. पहाटेची लोकल, घाईत बुडालेली न्याहारी, मळवलीपासूनची पायपीट, वर रणरणतं ऊन आणि पाण्याची बाटली दप्तरातच! पायरीवर टेकलेला मुलगा झटकन उठतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उठताना रक्त पायांकडे ओढलं जातं, रक्तदाब क्षणभर घसरतो, मेंदूला रक्त कमी पडतं. अंगात पाणी कमी असेल तर हे लवकर होतं. "वर हवा विरळ असते ना!" असं कुणी म्हणेल. पण लोहगड जेमतेम हजार मीटर उंच. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर होतो.

आता खरी धोक्याची गोष्ट. लोहगडाचा विंचूकाटा म्हणजे दोन्ही बाजूंना दरी असलेली चिंचोळी माची. तिथे चक्कर आली आणि मित्र हसतील म्हणून पोरगं तसंच चालत राहिलं, तर? चक्कर दोन मिनिटांत जाते, गेलेला तोल परत येत नाही. म्हणून डोकं गरगरलं की आहात तिथेच खाली बसा आणि शेजारच्याला सांगा. यात लाज कसली?

दोस्ताला भोवळ आली तर त्याला सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, भोवती गर्दी करू नका. कांदा नको, चप्पल तर मुळीच नको! शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. नीट शुद्धीवर आला की घोट घोट पाणी द्या. मिनिटभरात शुद्ध आली नाही तर लगेच मदत बोलवा.

आई-बाबांनो, चक्कर वारंवार येत असेल, तर "खात नाही, म्हणून होतं" एवढ्यावर सोडू नका. रक्तात लोह कमी असू शकतं. डोक्याला मार लागल्यावर, धावताना शुद्ध हरपल्यावर, किंवा बोलणं अडखळून हात-पाय लुळे पडल्यास डॉक्टरांकडे लगेच न्या.

आणि दोस्तांनो, पुढच्या सहलीला भरपेट न्याहारी करूनच निघा. खिडकीची पुढची जागा कुणाला द्यायची, ते आता तुम्हाला ठाऊक आहे!