बहुरूप्याचा मुजरा आणि ‘बोराट’चा कॅमेरा

घोडनदीकाठचे शिरूर असो वा भीमाकाठचे दौंड, तेथील जुन्या पिढीला बहुरूपी नवा नाही. खाकी गणवेश चढवून तो दारात उभा राहतो, नावाचे वॉरंट निघाल्याचे सांगतो, लग्नाला न आल्याबद्दल दंड मागतो. घरातील म्हातारीचा जीव क्षणभर वर-खाली होतो. पण लगेच तो हसून मुजरा करतो, सोंग उघड करतो आणि बिदागी मागतो. फसलेला माणूस स्वतःच त्या विनोदाचा पहिला प्रेक्षक ठरतो. हीच कला कॅमेऱ्यासमोर आली आणि शेवटचा मुजरा मात्र गळाला तर काय होते, याचे जगातील सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे २००६ साली प्रदर्शित झालेला ‘बोराट’ हा चित्रपट.

ब्रिटिश विनोदी नट साचा बॅरन कोहेन याने यात कझाकस्तानचा पत्रकार बोराट उभा केला. दिग्दर्शन लॅरी चार्ल्स यांचे होते. अमेरिकेवर माहितीपट बनवायला आलेला हा भाबडा, उद्धट पाहुणा देशभर हिंडतो, एवढीच कथा. मात्र त्याला भेटणारी बहुतेक माणसे नट नव्हेत. समोरचा पाहुणा खरा आहे, असे समजूनच ती बोलतात. ‘कझाक’ म्हणून त्याच्या तोंडी असलेली भाषा प्रत्यक्षात प्रामुख्याने हिब्रू आहे, तर त्याचा जोडीदार आर्मेनियन बोलतो, हेही समोरच्यांच्या लक्षात आले नाही. सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात २५ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला.

माहितीपटाचे सोंग घेतलेला विनोदी चित्रपट हा प्रकार मराठीलाही अगदी परका नाही. २००८ च्या ‘वळू’मध्येही गावात आलेला माहितीपटाचा कॅमेरा आहे. पण तेथे तो कथेचाच भाग आहे आणि पात्रे लिहिलेली आहेत. ‘बोराट’मध्ये एक बाजू लिहिलेली आहे, तर दुसरी अजाण.

या पद्धतीचे समर्थन करता येते, आणि ते कमकुवत नाही. व्हर्जिनियातील एका रोडिओच्या मैदानात बोराट युद्धाच्या नावाने रक्तपिपासू घोषणा करतो, आणि जमाव त्याला दाद देतो. ज्यूंपासून बचावासाठी कोणती बंदूक चांगली, असे तो दुकानदाराला विचारतो, तेव्हा दुकानदार न बिचकता बंदूक सुचवतो. कोहेन स्वतः ज्यू आहे. सभ्यतेच्या पडद्याआडचा द्वेष थेट प्रश्न विचारून बाहेर आला नसता, तो सोंगामुळे आला.

मग अडचण कोठे आहे? रुमानियातील ग्लोड या गावात. बोराटचे जन्मगाव म्हणून याच गरीब वस्तीचे चित्रीकरण झाले. आपल्या हलाखीवरचा माहितीपट निघतो आहे, असेच आपल्याला वाटले होते, असे ग्रामस्थांनी नंतर सांगितले. पडद्यावर मात्र त्यांचे गाव बलात्कारी आणि वेश्यांचे गाव म्हणून दाखवले गेले. बोराट कोणाची काय ओळख करून देतो आहे, हे त्यांना इंग्रजी येत नसल्याने कळण्याचा मार्गच नव्हता. त्यांच्यापैकी काहींनी ३ कोटी डॉलरचा दावा लावला. स्टुडिओने फसवणुकीचा आरोप नाकारला. आरोप पुरेसे नेमके नाहीत, असे न्यायालयाने म्हटले आणि दावा टिकला नाही. रोडिओतील जमावाने निदान स्वतःच्या तोंडाने स्वतःचे मन उघडे केले. ग्लोडच्या लोकांनी काहीच म्हटले नव्हते. हसू आले ते त्यांच्या गरिबीवर.

अमेरिकेत दावे लावणाऱ्या अनेकांनाही यश आले नाही, कारण त्यांनी सही केलेली होती. ५०० डॉलर घेऊन बोराटला गाडी शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचा दावा २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फेटाळला. २००९ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. संमतिपत्रात ‘माहितीपटाच्या धर्तीचा चित्रपट’ असे शब्द होते, आणि त्याच्या स्वरूपाविषयीच्या तोंडी आश्वासनांवर आपण विसंबून नाही, असे कलमही होते. कोणीही घाईत न वाचता सही करावी, असाच तो कागद होता.

भारतात चित्र काहीसे वेगळे असू शकते. १८७२ च्या करार कायद्याच्या १३ व्या कलमानुसार, दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती. १४ वे कलम ती संमती मुक्त असण्याची अट घालते. कपट किंवा दिशाभूल करून मिळवलेल्या संमतीवरचा करार १९ व्या कलमाखाली फसलेल्या पक्षाला रद्द करता येतो. त्यालाही अपवाद आहेत, आणि न्यायालयाची पायरी चढणे ग्रामीण माणसाला परवडतेच असे नाही.

म्हणूनच ग्लोडची गोष्ट शिरूर-दौंडपासून दूरची नाही. शिरूरच्या बेट भागात बिबट्याच्या निमित्ताने कॅमेरे येतात. दौंडमधील गुऱ्हाळे आणि उसाचे फडही कोणाच्याही कॅमेऱ्याला खुणावणारे. आपले गाऱ्हाणे वरपर्यंत पोहोचेल, या आशेने लोक मोकळेपणाने बोलतात. हातात प्रत्येकाच्या मोबाइल आल्यापासून तर चित्रीकरण करणारा कोण, हे विचारण्याचीही पद्धत उरलेली नाही. ती पुन्हा पाडावी लागेल. निर्माता कोण, चित्रीकरण कोठे दाखवणार, आपल्या बोलण्यावर कोणत्या भाषेत काय निवेदन चढणार, एवढे प्रश्न आधी विचारावेत. कागद मराठीत मागावा, त्याची प्रत जवळ ठेवावी.

प्रामाणिक चित्रकर्त्याला या प्रश्नांची अडचण वाटू नये. बहुरूपी तर न विचारताच स्वतःची ओळख देतो आणि बिदागी देणे न देणे समोरच्याच्या मर्जीवर सोडतो. ग्लोडच्या गावकऱ्यांना ती मुभा कोणी दिलीच नव्हती.