वाळूखालीं लोपलेला नाईलचा फांटा

इजिप्तचा नकाशा वर्गांत पसरला कीं एखादा चौकस मुलगा आम्हांस हमखास विचारतो, "गुरुजी, नदी इतकी दूर असतां एवढाल्या शिळा पिरॅमिडांपर्यंत नेल्या कशा?" प्रश्न रास्त आहे. जिच्या कांठच्या लव्हाळ्यांत बाळ मोशेला ठेविलें होतें, ती नाईल आज पिरॅमिडांच्या पूर्वेस कांहीं किलोमीटर दूर वाहते. पिरॅमिड मात्र वाळवंटाच्या कडेला ओळीनें उभे आहेत. पूर्वीं नदीचा एखादा फांटा त्यांच्या पायथ्याशीं असावा, असा विद्वानांचा तर्क होता. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे.

पुरून गेलेला प्रवाह शोधावा कसा? या कामीं वीज उपयोगी पडते. ओल, क्षार व चिकणमाती यांतून ती सहज वाहते. कोरड्या वाळूंतून व खडकांतून मोठ्या कष्टानें जाते. जुन्या पात्रांतील गाळ भोंवतालच्या जमिनीहून निराळा, म्हणून त्याची वाहकताहि बहुधा निराळी. ती मोजण्याच्या दोन रीती आहेत. पहिलींत चार सळया एका रेषेंत जमिनींत ठोकतात. बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडून आंतल्या दोहोंमधील विद्युद्दाब मोजतात. सळयांमधील अंतर वाढवावें, तसतशी अधिक खोलीची वार्ता कळते. दुसरींत सळया नकोत. तारेच्या वेटोळ्यांत उलटसुलट प्रवाह खेळविला म्हणजे जमिनींत क्षीण प्रवाह उत्पन्न होतात, व त्यांची चाहूल दुसरें वेटोळें घेतें. असें यंत्र घेऊन शेतांतून रांगारांगांनीं चालत गेलें कीं वाहकतेचा नकाशा तयार होतो.

तथापि येथें एक सावधगिरी हवी. "येथें नदी होती" असें यंत्र कधींच सांगत नाहीं. "येथें वीज अधिक वाहते" किंवा "कमी वाहते", एवढेंच तें सांगतें. खारट ओल आणि चिकण गाळ यांचे आंकडे सारखे येऊं शकतात. म्हणून छिद्र पाडून खालची माती वर काढून पाहिल्यावांचून निर्णय देतां येत नाहीं.

डॉ. एमान घोनेम व त्यांचे सहकारी यांनीं हाच मार्ग अनुसरला. प्रथम उपग्रहांवरील रडारच्या चित्रांत माग काढला, मग भूमीवर विद्युच्चुंबकीय मोजणी केली, आणि खोल छिद्रें पाडून माती तपासली. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत लिष्टपासून गीझापर्यंत सुमारें ६४ किलोमीटर लांबीचा लुप्त फांटा दाखविला असून त्याच्या लगत ३१ पिरॅमिड येतात. त्यास 'अहरामात', म्हणजे अरबी भाषेंत पिरॅमिड, हेंच नांव दिलें आहे. कित्येक पिरॅमिडांपासून निघालेले दगडी मार्ग याच कांठच्या मंदिरांशीं संपतात. तेथें नावा लागत असाव्यात. सुमारें ४,२०० वर्षांपूर्वींचें अवर्षण व वाऱ्यानें आलेली वाळू यांमुळें हा फांटा पूर्वेस सरकून अखेर बुजला असावा, असें त्यांचें अनुमान आहे.

आज त्या पात्रावर शेतें व वाढती वस्ती आहे. एकदां घरें उठलीं कीं खालीं दडलेलीं जुनीं गांवें आणि धक्के यांचा शोध दुरापास्त होईल. म्हणून नकाशा वेळींच होणें अगत्याचें आहे.

विद्यार्थिमित्रहो, राजांचीं नांवें दगडांनीं राखिलीं. ते दगड वाहून आणणारें पाणी मात्र विस्मरणांत गेलें होतें. तर्क, मोजणी आणि पडताळा या तीन पायऱ्यांनीं तें पुन्हा सांपडलें. आतां त्या चौकस मुलास आम्ही उत्तर देऊं शकतों: बाळा, नदी तेव्हां दूर नव्हती, ती मागाहून दूर गेली.