फोन पप्पांचा, हात पोरांचा

मे महिन्यात बोदवडला दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा कोणतीही आई पोराला मैदानावर सोडणार नाही, आणि सोडूही नये. शाळेला सुट्टी, दारं-खिडक्या बंद, कूलर सुरू. मोठी माणसं दुकानावर, बाजार समितीत, नाहीतर कामाच्या मागे. पोरांच्या हातात तेवढा फोन असतो. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की पुन्हा तेच: आई-बाप शेतात, आणि शाळेतून आलेली पोरं घरात एकटी.

हा फोन बहुतेक वेळा पोराचा नसतो. तो पप्पांचा, आईचा, काकांचा असतो. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयोगटातल्या जवळपास ९० टक्के मुलांनी घरी स्मार्टफोन असल्याचं सांगितलं. पण ज्यांना तो वापरता येतो, त्यांच्यातल्या १४ वर्षांच्या २७ टक्के आणि १६ वर्षांच्या सुमारे ३८ टक्के मुलांकडेच स्वतःचा फोन होता. बाकीची सगळी पोरं घरातल्या कुणाचा तरी फोन वापरतात. मुलांच्या इंटरनेट सुरक्षिततेवर बोलताना नेमकी हीच गोष्ट सुटते, आणि माझ्या मते खरा धोका इथेच आहे.

कंपन्यांनी मुलांसाठी जी कुंपणं घातली आहेत, ती जवळजवळ सगळी खात्यावर नोंदवलेल्या जन्मतारखेवर उभी आहेत. अठरा वर्षांखालच्या खात्यांसाठी शोधातलं अश्लील गाळणारं गूगलचं ‘सेफसर्च’ आपोआप सुरू ठेवण्याचा निर्णय २०२१ मध्ये जाहीर झाला. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये किशोरांसाठी वेगळी, जास्त बंदिस्त खाती आणली. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही अठराखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट घातली. पण बारा वर्षांची मुलगी पप्पांच्या फोनवर यूट्यूब उघडते, तेव्हा त्या यंत्रणेला दिसतो चाळीस वर्षांचा पुरुष. यातलं एकही कुंपण तिच्यासाठी उभं राहत नाही.

त्यात भर पडते शिफारशींची. यूट्यूबने २०१२ मध्ये आपली पद्धत बदलली: किती जणांनी क्लिक केलं यापेक्षा किती वेळ पाहिलं याला जास्त वजन मिळू लागलं. आज रील असो की शॉर्ट, बोट कुठे थांबलं, काय पुन्हा पाहिलं, काय अर्ध्यावर सोडलं, हे सगळं नोंदलं जातं आणि त्यावरून पुढचं ताटात येतं. रात्री अकराला घरातल्या मोठ्या माणसाने चावट रील पाहिले की दुसऱ्या दिवशी दुपारी तसेच रील त्याच फोनवर पोराच्या पुढ्यात येतात. पोराने काही शोधलेलं नसतं. वाईट संगतीचा दोष त्याच्यावर ठेवण्याआधी घरच्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. मोहाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे समोर आलेलं बाजूला सारणं पोराला मोठ्यांहून कठीण जातं.

मग करायचं काय? सरकारने अश्लील संकेतस्थळं बंद करावीत, ही मागणी नेहमी होते. ते करून झालं आहे. २०१५ मध्ये अशी ८५७ संकेतस्थळं बंद करण्याचा आदेश निघाला आणि काही दिवसांतच तो सैल करावा लागला. उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१८ मध्ये ८२७ स्थळांवर बंदी आली, तेव्हा एका मोठ्या स्थळाने नावाचं शेपूट बदलून लगेच दुसरं दार उघडलं. तरीही बंदीमागचं तंत्र घरात वापरण्यासारखं आहे.

बोदवडच्या बसस्थानकावर उतरलेला पाहुणा टपरीवर विचारतो, अमक्याचं घर कुठे? तसं आपला फोन प्रत्येक संकेतस्थळ उघडण्याआधी कुणाला तरी पत्ता विचारतो, कारण इंटरनेट चालतं आकड्यांवर आणि आपण लिहितो नाव. नावावरून आकडे सांगणारी ही व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ती रचली. एरवी हा पत्ता सिमकार्डाची कंपनी सांगते. पण कुणाला विचारायचं हे आपण बदलू शकतो. क्लाउडफ्लेअर या कंपनीने एप्रिल २०२० मध्ये कुटुंबांसाठी अशी एक मोफत सेवा सुरू केली, जी अश्लील आणि घातक स्थळांचा पत्ताच सांगत नाही.

२०१८ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सोय आहे. सेटिंग्जच्या शोधचौकटीत ते नाव टाकलं की सापडते. तिथे इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, असं लिहायचं: फॅमिली, टिंब, क्लाउडफ्लेअर, आडवी रेघ, डीएनएस, टिंब, कॉम. त्यानंतर ही गाळणी मोबाइल डेटावरही चालते आणि वायफायवरही. घरी ब्रॉडबँड असेल तर जोडणी करून देणाऱ्या मुलाला राउटरमध्येच १.१.१.३ हा आकडा टाकायला सांगावं. खर्च काहीच नाही.

मात्र ही गाळणी फक्त दारावर उभी असते. यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामचा पत्ता ती सांगणारच, आत काय दिसतं ते तिला कळत नाही. व्हॉट्सॲपचे संदेश दोन टोकांमध्ये कुलूपबंद असल्याने तिथे मधल्या कुणालाच काही गाळता येत नाही, आणि आपल्याकडे घाण घरात येण्याचा तो मोठा रस्ता आहे. मित्रांच्या गटात कुणीतरी चित्रफीत टाकतो, ती आपोआप उतरते आणि गॅलरीत पोराच्या अभ्यासाच्या फोटोंशेजारी जाऊन बसते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये मीडिया आपोआप उतरणं आणि गॅलरीत दिसणं, दोन्ही बंद करता येतं. असे गट सोडून द्यावेत, हे त्याहून सरळ.

पोराच्या हातात फोन देताना सगळ्यात उपयोगी पडणारी, आणि फारशी कुणी न वापरणारी, सोय म्हणजे ‘ॲप पिनिंग’. २०१४ पासून ती अँड्रॉइडमध्ये आहे. सेटिंग्जमध्ये ती सुरू करायची, बाहेर पडताना पिन मागावा हा पर्याय निवडायचा, आणि यूट्यूब किड्स किंवा अभ्यासाचं ॲप पिन करून फोन द्यायचा. मग पिनशिवाय पोराला दुसरीकडे जाता येत नाही. अट एकच, तो पिन पोराला माहीत नसावा.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायचा आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद व्हायचे, असा तो नियम. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: तो नियम मोठ्यांनाही लागू होता. बाप रील पाहत बसलाय आणि पोराला पुस्तक उघड म्हणतोय, हे कुठल्याच घरात चालत नाही.

एवढं करूनही पोराच्या नजरेला काही पडेल. त्या दिवशी त्याला मारू नका. फोन हिसकावला तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही, आणि कुणी त्याच्याकडे फोटो मागत असेल तर तेही लपवेल. कुठे दिसलं, कुणी पाठवलं, एवढं शांतपणे विचारा. लहान मुलाची अश्लील चित्रफीत कुठल्याही गटात आली तर ‘या नराधमाला पकडा’ म्हणूनसुद्धा पुढे पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली तो गुन्हा आहे, पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. अशी सामग्री कळवण्याऐवजी जवळ बाळगून ठेवणाऱ्यालाही सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात मोकळं सोडलेलं नाही. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न सांगता तक्रार करता येते. मूल अडचणीत असेल तर १०९८ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, पैसे लागत नाहीत. तो आज घरातल्या पोरांकडून पाठ करून घ्या.